वेणूच्या वाटीतलं तेल

दुपारचं जेवण अंमळ जड झालंय. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतल्या आपल्या खोलीत फादर इग्नेशियस तुस्कानो डोळ्यांवर पुस्तक पालथं घालून पडले आहेत. पंख्याची घरघर दूर जाते आणि तिच्यात गावच्या बावखलाच्या पाण्यातल्या बेडकांचा आवाज मिसळतो.

समोर वर्ग आहे. फळ्यावर त्यांच्याच अक्षरात 'कृपा' लिहिलंय. शेवटच्या बाकावर आय बसलीय, मांडीवरच्या सुपात वालाच्या शेंगा घेऊन. तिला जाऊन अकरा महिने झाले, पण त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आयपुढे ते फादरही नाहीत, नुसता इनास.

"शिकव की," आय म्हणते. "थांबलास का?"

इनास बोलू लागतो. माणसानं हाक मारण्याआधीच देव त्याच्या जगण्यात येऊन बसलेला असतो. चुलीपाशी, वाडीत, आजारपणात. वीस वर्षं तो हे शिकवतोय, आणि छान शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हाच धडा रंगला होता म्हणून त्यानं फोन बंद ठेवला, आणि तिकडे वसईला आय गेली. मरणाआधी आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन तो पोचला तेव्हा तिचे हात गार पडले होते. आजाऱ्याचं तेल मेलेल्या माणसाला लावत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्यानं लावलं. दाराला कडी घालून, चोरासारखं.

खडू टाकून तो गुडघे टेकतो. तोंडापुढे पाप कबूल करायची, कन्फेशनची लाकडी जाळी येते. पलीकडे, फादरच्या जागी, आय शेंगा सोलतेय.

"आये, तू तेलाशिवाय गेलीस. माझ्यामुळे."

"वेणूनं लावलं की." वेणू म्हणजे शेजारच्या म्हात्र्यांची सून. "वाटीत खोबरेल घेऊन आली. डोकं चोळलं माझं, तिच्या देवाचं नाव घेतलं. बरं वाटलं मला."

"पण ते पवित्र तेल नव्हतं!"

"देव आधीच येऊन बसतो म्हणतोस. मग तेल बघून येतो काय तो?"

इनासला हसू येतं, आणि हसता हसता रडू फुटतं. "म्हणजे तुला काही कमी पडलं नाही?"

शेंगा सोलायच्या थांबतात.

"देवाची वाट पाहावी नाही लागली रे. तुझी पाहिली."

आता तो घराच्या ओट्यावर तिच्या गुडघ्यांना टेकून बसलाय. आय कोमट तेल त्याच्या डोक्यावर थापते.

"केस कुठं घालवलेस सगळे?"

"गेले, आये."

"जाऊ दे. जरा वेळ बस. तुला कायम घाई."

"बसतो," इनास म्हणतो. इतकं बसावंसं त्याला उभ्या जन्मात वाटलेलं नाही.

जाग येते. पुस्तक जमिनीवर पडलंय. इनास डोक्याला हात लावतो आणि बोटं तेलकट होतात. कानामागे खोबरेलाचा ओघळ आलाय, अजून कोमट. टक्कल पडल्यापासून या खोलीत तेलाची बाटली आलेली नाही.

तो ओघळ पुसत नाही.

"आलो गं, आये," रिकाम्या खोलीत तो मोठ्यानं म्हणतो. "आलो."