पुढचा टायर

माझी बायको गाडीवरून पडते, हे आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नकार्यात कुणी तिला गाडीवरून सोडतो म्हणालं, की एक तरी आवाज येतोच, "काकूला दोरीनं बांध रे बापा!" ती स्वतःही हसते. गेली आठ-नऊ वर्षं मीही त्या हसण्यात सामील होतो. आज लिहायला बसलो आहे ते एवढ्याचसाठी, की ही गोष्ट खोटी आहे आणि ती मीच पसरवली आहे.

मी तहसील कचेरीत कारकून होतो. नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे व्हायचे होते. कुठलं गाव कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या मंडळात, याच्या याद्या रोज बदलत. कचेरीत शेतीच्या नोंदींच्या जुन्या वह्या लाल फडक्यात बांधून त्यांचे चार ढीग लावले होते. सरस्वतीच्या देवळाचं बासर निर्मलकडे गेलं त्या दिवशी आमच्या शिपायानं त्या ढिगाला हात जोडले आणि म्हणाला, "सरस्वतीच परजिल्ह्यात गेली, आता आमच्या पोरांच्या परीक्षेचं कठीण आहे."

माझ्याकडे बेल्याकडची गावं होती. लोकांच्या हातातले कागद आणि आमच्या वहीतली नोंद जुळते का, हे गावोगाव जाऊन पाहायचं आणि चूक असेल तर दुरुस्त करायची. रस्ता तीन तऱ्हांचा. शहरापासून बेल्यापर्यंत डांबर, त्यापुढे मुरूम, आणि शेवटी गावाच्या शिवारात कपाशीच्या मधून जाणारी काळी माती. माझ्या गाडीचे दोन्ही टायर झिजून गोटा झाले होते. मुरमावर मागचं चाक साबणावर ठेवल्यासारखं सरकायचं.

त्याच सुमाराला आमच्या कचेरीत एक तरुण साहेब आले होते. त्यांच्या उंच गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे मोठाल्या गुटक्यांचे, म्हणजे उठावदार ठोकळ्यांचे, टायर होते. आमच्याकडे त्यांना बटन टायर म्हणतात. साहेब फाटकातून आत आले की ते टायर डांबरावर घूं घूं वाजायचे आणि आम्ही सगळे खिडकीतून बघायचो. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसानं असल्या गोष्टीला भुलू नये. मी भुललो.

बसस्थानकाच्या मागे ज्यांच्या दुकानात मी आयुष्यभर पंक्चर काढलं, त्या चाचांकडे गेलो आणि दोन्ही बटन टायर बसवायला सांगितले. चाचांनी खाली बसून पुढच्या चाकाकडे पाहिलं. टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत दोन बोटं घातली, आणि ती बोटं मला दाखवली.

"देखो साब, इतनीच जगह है. बटन पीछे डालो. आगे लाइनवालाच रहने दो."

"काऊन? साहेबांच्या गाडीला तर दोन्ही बटन आहेत."

"साब की गाडी का मडगाड देखे क्या? हातभर उप्पर है. आपकी काली मिट्टी है, अंदर भरी तो चक्का जाम. आगे नक्को साब."

लाइनवाला म्हणजे उभ्या रेघांचा साधा टायर, त्यात माती अडकत नाही. मला ते सगळं समजलं होतं. समजलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. मागच्या चाकालासुद्धा त्यांनी मधोमध जोडलेली नक्षी आणि कडेला उघडे गुटके असलेला टायर सुचवला होता. डांबरावर मधला पट्टा चालतो आणि मातीत शिरलं की कडा पकडतात, हे त्यांनी तळहात वाकडा करून दाखवलं होतं. मागचा मी ऐकला. पुढच्याला म्हणालो, "चाचा, बसवा म्हणतो ना." त्यांनी बसवला.

सुरुवातीचे तीन आठवडे मी राजा होतो. मुरमावर गाडी रेषेत चालायची. तरुण साहेबांनी एकदा जाता जाता टायरकडे पाहून मान हलवली आणि तो दिवस मला पुरला.

मग दसरा आला. त्याच दिवशी नवे जिल्हे व्हायचे होते, म्हणून आमचा सण कचेरीतच जाणार होता. बायकोचा नेम असा, की दसऱ्याचं पहिलं सोनं, म्हणजे आपट्याची पानं, तिच्या अक्काच्या हातात द्यायची. अक्का तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच तिला वाढवलं. अक्काचं गाव बेल्याच्या पुढे, काळ्या मातीत. मी म्हटलं, या वर्षी एक दिवस आधी जाऊ. तिनं करंज्या केल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या आणि माझ्या मागे बसली. डबा मांडीवर, डावा हात डब्यावर, उजवा माझ्या खांद्यावर.

आदल्या संध्याकाळी त्या भागात पाऊस पडून गेला होता. मुरूम संपला तिथं मी गाडी थांबवली. समोर काळी वाट ओली होऊन चमकत होती. अशा मातीत तिकडचे लोक चपला काढून हातात घेतात, कारण दहा पावलांत चप्पल दगडाएवढी जड होते.

"उतरू का?" बायकोनं विचारलं. "चालत जाऊ. अर्धा कोस तं आहे."

"बस. हे टायर त्यासाठीच घेतलेत."

शंभर पावलं गेलो असू. आधी पुढून फरफर असा आवाज आला, मग गाडी ओढल्यासारखी जड झाली. मी थांबायला हवं होतं. मी उलट ॲक्सिलरेटर पिळला. पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी डावीकडे आडवी झाली.

मला काही लागलं नाही. बायको कपाशीच्या धुऱ्यावर, बांधावर, बसली होती, डावा हात छातीशी धरून. मनगट वेडंवाकडं दिसत होतं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा, "गाडीले लागलं का?"

मी तिच्याकडे आधी जायला हवं होतं. मी गाडीकडे गेलो. मडगार्डखाली माती इतकी ठासून भरली होती, की टायरची नक्षी दिसत नव्हती. दूरच्या वावरातून दोन माणसं आमच्याकडे यायला निघालेली मला दिसली. मी कपाशीची एक वाळलेली पऱ्हाटी उपटली आणि ती माणसं पोहोचायच्या आत मडगार्डखालची माती उकरून काढली, चाक फिरवून पाहिलं, पऱ्हाटी फेकून दिली. एवढं करून मग बायकोजवळ गेलो.

अक्काच्या ओसरीवर सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "हिनं पदर सावरायला हात सोडला. तोल गेला, मला गाडी आवरली नाही." ते बोलताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती कळवळत होती, तरी म्हणाली, "हो बाई, सुटला असन." तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. स्वतःच्या हातावर ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात मी चाचांकडे जाऊन पुढे लाइनवाला टायर बसवून घेतला. "ये तो नया है साब," ते म्हणाले. "आवाज करतो," मी म्हटलं. त्यांनी मडगार्डखालच्या फटीत पुन्हा दोन बोटं घालून पाहिली आणि काढलेला टायर माझ्या हातात दिला. तो मी परसात टाकला. प्लास्टर निघाल्यावर बायकोनं त्यात माती भरून गवती चहा लावला. तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच टायरमधल्या पातीचा चहा पितो.

ती परत गाडीवर बसली नाही. उन्हाळ्यात, लग्नात अक्काची भेट व्हायची. पण दसऱ्याच्या दिवसांत बेल्याच्या पुढे गाडीशिवाय जाणं होत नाही. मुरूम आणि चिखल सगळाच पायी चालायचा, तर तिचे गुडघेही आता तसे राहिले नाहीत. पहिलं सोनं दर वर्षी देवापुढे ठेवून ती अक्काला फोन करायची.

यंदा आमच्या नातीला शेतीखात्यात नोकरी लागली. रोज गावं फिरायची, म्हणून तिनं मोटारसायकल घेतली आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी मला विचारलं, "आबा, टायर कोणते घालू? मला दोन्ही बटन हवेत, भारी दिसतात."

"मागे बटन, पुढे लाइनवाला," मी म्हणालो. इतक्या पटकन, की तिनं मान वळवली. आम्ही दोघं चाचांकडे गेलो. ते आता स्वतः बसत नाहीत, खुर्चीवरून सांगतात. नातीनं त्यांनाही पुढे बटन मागितला. चाचा हसले. "आगे बटन? तुम्हारे आबा को पूछो बेटा." मी गाडीच्या नंबराकडे बघत उभा राहिलो.

घरी आल्यावर नातीनं आजीला हाक मारली. "आजी, परवा सोनं घेऊन अक्काआजीकडे जाऊ. मी नेते तुला."

बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "नको वं माय. मी हात सोडते. माह्या पायी तू बी पडशीन."

"मी हळू चालवीन ना!"

"तुह्या आबाले इचार. ते का फास्ट चालवून राह्यले होते? माहाच हात धड नाही."

आणि अक्का आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. पुढचा दसरा तिला दिसेल की नाही, हे सगळ्यांना कळत होतं. मी ओट्यावर तिच्यासमोर बसलो.

"तू हात सोडला नव्हतास," मी म्हणालो.

ती तांदूळ निवडतच राहिली. मी सगळं सांगितलं. चाचांची दोन बोटं, मडगार्ड, माती, पऱ्हाटी. नात दारात उभी होती, ती आत निघून गेली.

बायकोनं सूप खाली ठेवलं. डावं मनगट उजव्या हातात घेऊन ती बघू लागली. थंडीत ते अजून दुखतं.

"मंग मी हात नव्हता सोडला?"

"नाही. काहीच सोडलं नव्हतंस. खांदाही नाही, डबाही नाही. डबा धरून राहिलीस म्हणून तर मनगट खाली आलं."

ती उठून परसात गेली. मी मागोमाग गेलो. ती गवती चहाच्या टायरकडे बोट दाखवून म्हणाली, "हाच का?"

"हाच."

"याचा चहा देऊन राह्यली मी तुमाले, इतके वर्सं." मग तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मी पुढे झालो तर तिनं हात आडवा केला. "आत्ता नको. आत्ता मले राग आहे."

तो राग दीड दिवस टिकला. या काळात ती माझ्याशी फक्त नातीमार्फत बोलली. "तुह्या आबाले सांग, भाकर झाली." दसऱ्याच्या सकाळी नातीनं गाडी धुऊन झेंडूचा हार घातला. आजीचं हेल्मेट अंबाड्यामुळे डोक्यात जाईना, तेव्हा अंबाडा सोडून वेणी घालावी लागली. वेणीत ती मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्यासारखी दिसली. डब्यात करंज्या होत्या. बसताना तिनं नातीला बजावलं, "काळी माती लागली का थांबव. आपण उतरून चालू." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्काले कोन सांगन? मी नाही सांगणार."

दुपारी फोन आला. बायकोनं तो अक्काच्या कानाला लावला होता. मी अक्काला सगळं सांगितलं.

"जावईबापू," अक्का म्हणाली, "त्या दिवशी डबा उघडला तं करंजी एक बी तुटली नव्हती. मी तवाच म्हटलं होतं, हात सोडणारीचा डबा असा कसा येईन? पण तुमी सांगितलं, मंग मी गप्प बसली."

मग तिनं विचारलं, जेवलात का.

संध्याकाळी दोघी परत आल्या. बायकोच्या लुगड्याच्या काठाला वीतभर काळा चिखल होता आणि पायही चिखलानं भरले होते. तिनं आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुमी साऱ्याइले तोंडानं सांगितलं होतं. किती जणाइले परत सांगत फिरसान? जन्मभर लोकाइच्या नोंदी दुरुस्त केल्या, माही बी करा. लिवून काढा, मी पोराइले पाठवते."

म्हणून हे लिहिलं. पुरं झाल्यावर तिला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, मध्ये कुठे अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "एक चुकलं. उतरू का म्हणून मी एकदाच नव्हतं इचारलं. तुमी बस म्हटल्यावर बी इचारलं होतं. तुमी ऐकलंच नाही."

मला ते आठवत नाही. पण तिला आठवतं, तेव्हा तसंच असणार. तिनं दोनदा विचारलं होतं.