दुकानातली सवत

ध्वनियंत्रं दुरुस्त करण्याच्या त्या दुकानात व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला बाईंनी बंदी घातली होती. ट्रान्झिस्टरचा कितीही जळका आणा, बाई नाक मुरडायच्या नाहीत. व्हॉल्व्हचा दिसला, की गिऱ्हाईक पायरीवरूनच परत. त्या तापणाऱ्या काचेच्या नळ्यांना त्या सवत म्हणत. असल्याच एका सेटनं शॉक देऊन नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं कायमची लुळी केली होती. तेव्हापासून दुरुस्ती बाईंकडे आली आणि नवरा गल्ल्यावर बसला. त्याचं व्हॉल्व्हचं वेड मात्र गेलं नव्हतं.

"काही म्हण, व्हॉल्व्हच्या आवाजाला ऊब असते."

"ऊब हवी तर शाल पांघरा."

मुलगी याच टेबलाशी लहानाची मोठी झाली. हात आईसारखा बसलेला, जीभही आईचीच. एका गिटारवाल्याचा व्हॉल्व्हचा ॲम्प तिनं परस्पर ठेवून घेतला. बाई बाजारातून परतल्या तर तो टेबलावर उघडा, नळ्या पेटलेल्या.

"कुणी घेतला हा?"

"मी."

"तोंड वर करून सांगतेस?"

"मग काय खाली घालून सांगू? हे काम इथं दुसरं कुणी करत नाही."

"कारण त्यांना अक्कल आहे."

"बाबा, सांगा ना हिला!"

बाबा सदऱ्याला चष्मा पुसत राहिले.

मुलीनं फणकाऱ्यानं प्लग उपटला आणि वायर आईच्या नाकासमोर नाचवली. ट्रान्झिस्टरच्या लहान सेटमध्ये हात घालण्याआधी प्लग काढला, की तिला तेवढंच पुरत आलं होतं. "घे. मेली तुझी सवत!" म्हणत ती दोन्ही हात आत घालायला वाकली.

बाईंनी तिचं मनगट असं पकडलं की ती कळवळली. तिला मागं ढकलून त्यांनी लांब मुठीचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, स्वतःचा डावा हात पाठीमागं नेला आणि आतल्या जाड कपॅसिटरच्या दोन टोकांवर तो आडवा टेकवला. फाट्कन ठिणगी उडाली. गल्ल्यावर बाबांच्या हातातून चष्मा निसटला.

"वायर काढली तरी ही पोटात करंट दाबून ठेवते," बाई म्हणाल्या.

मुलगी पांढरीफटक पडली होती. मग तिच्या तोंडावर रंग परतला, तो संतापाचा.

"तुला ठाऊक होतं! इतकी वर्षं इथं बसवलंस आणि हे एकदाही सांगितलं नाहीस? नुसतं नको, नको आणि नको! तू आत्ता आली नसतीस तर?"

बंदीनं पोरगी वाचेल, असं बाई धरून चालल्या होत्या. बंदीनंच तिला आंधळं ठेवलं होतं. त्यांनी स्टूल ओढून दाणकन मुलीपुढं ठेवलं.

"डावा हात खिशात घाल."

"कशाला?"

"दोन्ही हात आत गेले तर करंट काळजातून जातो. घाल!"

"या पँटला खिसा नाही."

"मग पाठीमागं धर. आणि अशी बघू नकोस. मी परवानगी दिलेली नाही."

"मागितलीय कुणी?"

गल्ल्यावरून हळूच आवाज आला, "पण ऊब मात्र..."

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदम ओरडल्या.