निमगोरी

"नाक छान आलंय. फक्त हिला जरा निमगोरी करायला सांग ना."

शैलाताई चित्राकडे बघत मला म्हणाल्या. चित्रातला चेहरा माझा होता. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या एका फ्रेमच्या दुकानात मी कामाला आहे. चौकटी बनवते, कॅनव्हास ताणून देते. क्वामे आमचं जुनं गिऱ्हाईक. घानाचा. पोरवयात अक्रामध्ये न्हाव्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मग आर्ट स्कूल, मग अमेरिका. इथे आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि गॅरेजमध्ये चित्रं काढली. आता कुठे लायब्ररीत, एखाद्या कॉलेजात चित्रं लागतात. बाजार, बायका, मिरच्या, मासळी, कापडाचे तागे. रंग असे की डोळ्यांना झोंबावेत. पण माणसांची कातडी तो सगळ्यात सावकाश रंगवतो. काळ्या रंगाची ट्यूब त्याच्याकडे नाहीच. निळा, किरमिजी, गर्द हिरवा असे थर चढवत जातो. जवळून बघितलं तर गालावर जांभळं दिसतं.

आमच्या मराठी मंडळाने नवा हॉल घेतला. भिंतीसाठी मोठं चित्र हवं होतं. शैलाताई अध्यक्ष. लायब्ररीतली चित्रं बघून म्हणाल्या, "किती कलरफुल! आपलं हळदीकुंकू काढून घेऊ त्याच्याकडून." क्वामेला समोर बसायला कोणीतरी हवं होतं. त्याने मला विचारलं. रविवारचे रविवार मी त्याच्या गॅरेजमध्ये बसले. चित्रात मधली बाई मी. पिवळं लुगडं, हातात तबक.

मधोमध मला कोणी कधी बसवलं नव्हतं. शाळेच्या गॅदरिंगला बाई मला झाड करायच्या. एका वर्षी तोंडावर पावडर थापून बघितली. म्हणाल्या, "राहू दे. राखेत लोळल्यासारखी दिसते." वर्ग हसला. मीही हसले. आमची वस्ती कुठली, आडनाव काय, सगळ्यांना पाठ होतं. इथे आल्यावर पहिल्याच पॉटलकला एका काकूंनी विचारलं, "माहेरचं आडनाव काय गं?" सांगितलं. "अच्छा," म्हणाल्या आणि पुलाव वाढायला वळल्या. ते "अच्छा" मला ओळखू येतं.

तर गॅरेज. शैलाताई, त्यांचा नवरा, मी. क्वामे फडक्याला हात पुसत उभा.

"तुम्हीच सांगा ना," मी म्हटलं. "तुमचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"अगं, त्याला कसं सांगणार? तो स्वतःच असा... रेसिस्ट वाटेल गं."

"आणि मला सांगताना?"

"तुझं काय! तू आपलीच आहेस."

आपलीच.

क्वामेने इंग्लिशमध्ये विचारलं, "काय म्हणतायत?" शैलाताई लगेच वळल्या. "वी लव्ह इट! सो व्हायब्रंट!" आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली, सांग.

रंग हवे होते त्यांना. साड्यांवर.

निमगोरीला इंग्लिश शब्द सापडेना. लग्नाच्या जाहिरातीत 'व्हीटिश' लिहितात, तो आठवला आणि माझी मलाच किळस आली. मी म्हटलं, "त्यांना माझा चेहरा गोरा करून हवाय. हे तुला सांगायची त्यांना लाज वाटते, म्हणून मला सांगायला लावतायत."

शैलाताईंच्या नवऱ्याने फोन काढून त्यात डोकं घातलं. शैलाताई लाल. "असं नव्हतं म्हटलं गं मी!"

क्वामे ओरडला नाही. म्हणाला, "अक्रात मी गोरं करणाऱ्या क्रीमच्या पाट्या रंगवल्या आहेत. पोट भरायला. आता नाही रंगवत."

मला वाटलं, संपलं. चित्र वाचलं.

चित्र मंडळाचं होतं. त्यांनी विकत घेतलं होतं. उचलून घेऊन गेले.

हॉलच्या उद्घाटनाला क्वामे फुलाफुलांचा शर्ट घालून आला. मी दारातच त्याला गाठलं. दोघं आत गेलो. मधल्या बाईचं नाक माझं, जबडा माझा, आणि कातडी कस्टर्डसारखी. पिवळं लुगडं तसंच. कमिटीतल्याच कोणीतरी हौसेने 'टचअप' केलं होतं. क्वामे खुर्चीवर बसला.

"वकिलाकडे जायचं का?" मी विचारलं.

"ह्या वयात?" तो म्हणाला. "माझी सही तेवढी पुसायला सांग."

मी सांगितलं. सही त्यांनी नंतर आनंदाने पुसली.

त्याच दिवशी, चित्रासमोर, एक बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ओळखीची नव्हती. म्हणाली, "मधली किती गोड आहे ना! कोण असेल?"

"मी आहे."

ती हसली. मनापासून हसली. "तुम्ही पण ना!" म्हणाली आणि ढोकळा आणायला गेली.

मी तिथेच उभी. ओरडले असते तर वेडी ठरले असते. रडले असते तर बिचारी. माझा चेहरा भिंतीवर होता आणि तो माझा आहे हे पटवायला माझ्याकडे माझ्या तोंडाशिवाय काही नव्हतं.

नंतर क्वामेला विचारलं, वरचा रंग काढता येईल का? नाही म्हणाला. वरचा ओढला तर खालचाही सोबत निघतो. म्हणजे तो चेहरा गेला. हे मी मान्य केलंय. नवीन काढू असंही तो म्हणाला नाही. त्याचे हात आता थरथरतात.

संक्रांतीला हॉलमध्ये हळदीकुंकू आहे. मला मेसेज आलाय, "नक्की ये हं." मी जाणार. त्या चित्राखाली उभी राहणार. येईल तिला सांगणार की हा चेहरा माझा होता, तो कोणी पुसला आणि कशासाठी पुसला. हसतील. हसू देत. पुढच्या वर्षीही जाणार. मराठीत सांगितलं तर त्या आपसात मिटवून टाकतील. मी इंग्लिशमध्ये सांगणार. मोठ्याने. त्यांच्या पोरांसमोर.