पंधरा दिवसांनी पुन्हा तेच प्रश्न

एकच प्रश्न दोनदा विचारल्याशिवाय कुणाच्याही उत्तरावर विश्वास ठेवू नये, असं मानणारा अख्ख्या अमेरिकेत एकच माणूस असेल आणि तो जर्सी सिटीत आमच्याच मजल्यावर राहतो. ओळख झाली त्याच दिवशी काकांनी मला चहात साखर किती घेतोस ते विचारलं आणि वहीत लिहून ठेवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं. मधल्या काळात डॉक्टरांनी माझी साखर बंद केली होती. काकांनी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाले, "तुझा काही भरवसा नाही रे." चहा मात्र दिला.

काका संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, ऐंशी ओलांडलेले. लहानपणी म्हापशाच्या शाळेत पोर्तुगीज शिकलेले. तेवढ्या आधारावर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, जी आता स्वतः मानसशास्त्र शिकवते, त्यांना एक प्रश्नावली पोर्तुगीजमध्ये आणायला मदत मागितली. काम करताना माणूस किती रमतो, त्याचं वेळेचं भान किती सुटतं, हे मोजणारी ती प्रश्नावली. काका आठवडाभर नजर टाकतील, अशी तिची अपेक्षा होती. काका दीड वर्षं त्यात बुडाले.

त्यांचं पोर्तुगीज सत्तर वर्षांपूर्वीच्या क्रमिक पुस्तकातलं. आमच्या इमारतीत सफाई करणाऱ्या ब्राझीलच्या बाई ते ऐकून तोंडाला पदर नसल्यामुळे हातमोजा लावून हसल्या. राजाचं फर्मान ऐकल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. 'कामात मी स्वतःला हरवून बसतो' हे वाक्य काकांनी असं काही उतरवलं, की कोपऱ्यावरचा पोर्तुगीज बेकरीवाला चिडला. तीस वर्षं याच रस्त्यावर आहे, मी कशाला हरवेन, असं त्याने उत्तराच्या जागी लिहूनच दिलं. काका इतके खूश झाले की त्याच्याकडून डझनभर पाव घेऊन आले आणि आठवडाभर आम्हा सगळ्यांना वाटत बसले.

प्रश्नावली भरवशाची आहे का, हे ठरवायला त्याच माणसांकडून ती पंधरा दिवसांनी पुन्हा भरून घ्यावी लागते. त्यामुळे शनिवारी दुपारी काकांकडे पोर्तुगीज बोलणारी माणसं यायची. काका इस्त्रीचा शर्ट घालायचे, शिरा करायचे, घडीच्या खुर्च्या मांडायचे. काकू जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची खुर्ची तेवढी कुणाला द्यायचे नाहीत. फॉर्म दहा मिनिटांत भरून व्हायचा, पण माणसं दोन तास बसायची. मी कोपऱ्यात उत्तरं कॉम्प्युटरवर चढवत असायचो आणि मलाही घरी परतायची घाई नसायची. माझ्या घरी तरी कोण होतं?

गेल्या महिन्यात विद्यार्थिनीचा फोन आला. सगळी उत्तरं जुळली होती, प्रश्नावली खरी ठरली होती. "सर, इट्स डन," ती म्हणाली. मी अभिनंदन करायला गेलो, तर काका खुर्च्या मिटून भिंतीला लावत होते.

"व्हॅलिड झाली रे," ते म्हणाले. "आता कुणाला कशाला बोलवायचं?"

टेबलावर त्यांचे स्वतःचे दोन फॉर्म पडले होते. चाचणी म्हणून त्यांनीही प्रश्नावली दोनदा भरली होती. 'वेळ कसा गेला ते कळत नाही' या वाक्यापुढे दोन्ही वेळा 'कधीच नाही'वर गोल होता. मी बघतोय हे पाहून ते म्हणाले, "बघ, मी भरवशाचा." मला फार वाईट वाटलं.

मला पोर्तुगीजचं अक्षरही येत नाही. तरी म्हणालो, "काका, ते सातवं वाक्य मला जरा खटकतंय."

 त्यांनी चष्मा चढवला, पेन्सिल शोधली आणि मिटलेली एक खुर्ची उघडून माझ्यापुढे ठेवली.

"खरंच खटकतं?"

"हो."

"बरं. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारीन."

तारीख मी फोनमध्ये टाकून ठेवली आहे. या वेळी उत्तर बदलायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचंय.