बारशाआधीची

शालन मगदूमचे फॉर्म आले की माझं डोकं उठायचं. १९९४ साली आम्ही सांगली जिल्ह्यात घरोघरी फिरून मृत्यूंची पाहणी करत होतो. गेल्या तीन वर्षांत घरातलं कोण गेलं, कशानं गेलं, दवाखान्यापर्यंत पोचलं होतं का, हे विचारायचं. माझ्या हाताखाली फॉर्म भरणाऱ्या बाकीच्या बायकांच्या गावांत तान्ही मुलं दोन-तीन गेलेली, हिच्या एका गावात अकरा! त्यातही पेठेत एकही नाही, सगळी लांबच्या वस्त्यांवर. कार्यालयाचा शेरा आला, 'आकडे संशयास्पद. फेरतपासणी करा, नाहीतर फॉर्म रद्द.' मी साताऱ्याची, स्वभावानं फटकळ. बाईनं घरी बसून फॉर्म रंगवलेत, असं मनाशी धरूनच मी एसटीत बसले.

शालन पस्तिशीची, जैन शेतकऱ्याची सून. पायातली चप्पल पार झिजलेली, बोलणं हळू. "चला की बाई, तुमीच इचारा," म्हणाली.

पहिल्याच वस्तीवर मी विचारलं, "तीन वर्षांत घरात कोणी वारलं का?"

"न्हाई बा. समदी खुशाल हायती," रंगूबाई नावाच्या म्हातारीनं सांगितलं. मी शालनकडे बघितलं. मनात म्हटलं, सापडलीस.

ती म्हातारीजवळ टेकली. "आत्या, तीन वर्सांत सुनंची बाळंतपनं किती झाली?"

"दोन."

"आनि बारशी?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "येकच गं."

बारशाच्या आत गेलेलं मूल कुणी माणसांत धरत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तसं विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत अकराही घरं खरी निघाली. मला माझीच लाज वाटली. अकराही फॉर्म मी सही करून पक्के केले.

यादीतलं शेवटचं घर शालनचंच होतं. स्वतःच्या घराचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, असा नियम. चहा झाल्यावर तो मीच पुढे ओढला.

"बाळंतपणं?"

"दोन."

"बारशी?"

"येक." मग घाईनं म्हणाली, "ते धरू नगा. नऊ वर्सं झाली त्याला. तीन वर्सांत बसत न्हाई."

मुलगी होती. नवव्या दिवशी अंगावर प्यायची थांबली. वस्तीवरनं दवाखान्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. सासू म्हणाली, ना नाव ना गाव, रडायचं कशाला?

"नाव ठरवलं होतंस?" मी विचारलं.

तिनं दाराबाहेर वाटेकडं पाहिलं. "दीपाली. चौथीला असती आता. शाळा सुटली की मी वाटंकडं बघती. किती ठरवलं तरी सवय मोडत न्हाई."

मी लिहिलं: दीपाली, वय नऊ दिवस. खाली खरं साल घातलं. हा फॉर्म कार्यालयात बाद होणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"लिवलं?"

"लिहिलं."

तिनं कागद दिव्याच्या उजेडात धरला, नावाखालून बोट फिरवलं आणि माझ्या हातात परत दिला.

"बाई, बाद झाला की ह्यो कागद टाकू नगा. मला आनून द्या. तिच्या नावाचं घरात दुसरं काय बी न्हाई."