सासूबाईंचा पहिला घोट
व्हॅनिलाचा वास आला की मला लालबर्रा गावातल्या माझ्या सासरच्या घरातली ती दुपार आठवते. नणंद परदेशातून आली होती आणि तिने भावासाठी बर्बन आणली होती, म्हणजे मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की. नवरा राइस मिलवर गेला होता, सासूबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. "वैनी, घोटभर चाखून तर पाहा न," म्हणत नणंदेने बाटली फोडली. स्टीलच्या वाटीतल्या त्या मधाळ रंगाच्या दारूला व्हॅनिलाचा आणि जळक्या लाकडाचा वास येत होता. मी वाटी ओठांना लावली आणि दारात सासूबाई! घरात दारूचं नावही न काढू देणारी ही बाई. त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली, हुंगली आणि एक घोट तोंडात घोळवत कितीतरी वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. "जाळत नाही वो पोरी हे," त्या म्हणाल्या, "अजून दे न मले!" मग आम्ही तिघी ओसरीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "बाटली कोनं फोडली?" मी मान खाली घातली. "म्या," सासूबाई म्हणाल्या, "काहून?" आता माझी आवड पक्की झाली आहे: बर्बनच, बर्फ न घालता, थेंबभर पाण्यासोबत. सासूबाईंना मात्र धुरकट स्कॉच लागते, आणि दोन्हींत चांगली कोणती यावरून आम्ही दोघी अजूनही तावातावाने भांडतो.