मायच्या उंचीची खिडकी

माझे वडील बालाघाटहून बैहरला जाणाऱ्या मोटरवर ड्रायव्हर होते. बसला आमच्याकडे तेव्हा मोटरच म्हणत. सकाळी निघायचं, घाट चढून उकव्याच्या खाणीवरून बैहर गाठायचं, संध्याकाळी परत. त्या रस्त्यावरची किती माणसं त्यांनी लग्नाला, मयताला, दवाखान्यात पोचवली असतील, त्याचा हिशेब नाही. माझी माय मात्र त्या मोटरीत बसू शकत नव्हती.

मी लहान असताना ती विहिरीवर पाय घसरून पडली. आम्ही धम्म घेतला त्यानंतरच्या एक-दोन उन्हाळ्यांतली ही गोष्ट. कंबरेचा मणका मोडला. नागपूरच्या दवाखान्यात ती बरेच महिने होती. परत आली तेव्हा काठी धरून खाटेपासून दारापर्यंत चालायची, पण बसणं तिला जमत नसे. कपभर चहा होईस्तोवर बसली, की चेहरा पांढरा पडायचा. मग पुन्हा आडवं व्हायचं. दुखण्याविषयी ती बोलत नसे. मी एकुलती एक, त्यामुळे चूल माझ्याकडे आली. मी पाटावर उभी राहून भात उतरवायचे आणि ती खाटेवरून सांगायची, आता पाणी काढ, आता झाकण ठेव.

तिचं माहेर किरनापूरच्या पलीकडे एका खेड्यात होतं. बाबांनी एकदा शेजाऱ्याची बैलबंडी मागून आणली, तीत हातभर धानाचं तणीस पसरलं, वर दोन गाद्या टाकल्या आणि मायला निजवून आम्ही निघालो. मी तिच्या उशाशी बसले होते. शहराबाहेरचा रस्ता उखडलेला होता. पहिल्या काही खड्ड्यांना तिने बंडीचा दांडा धरला, नंतर पदराचं टोक दातात धरलं. बाबा बैल हाकत होते, त्यांना मागचं दिसत नव्हतं. मीच त्यांना सांगितलं. त्यांनी बंडी थांबवली, मागे वळून मायकडे पाहिलं आणि बैल घराकडे वळवले. त्यानंतर आमच्या घरात कुठे जाण्याची गोष्ट कोणी काढली नाही. मायचा भाऊ सणावाराला येऊन भेटून जाई. तिच्या मैत्रिणींचे निरोप त्याच्याकडून कळत, आणि कळेपर्यंत जुने झालेले असत.

मी पंधरा-सोळा वर्षांची असेन, तेव्हा बाबांनी गावाकडचा शेताचा वाटा भावाला विकून टाकला आणि एक जुनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. माय आडवी होऊन जाऊ शकेल, अशी गाडी. त्यांनी गोंदियाला दोन गाड्या हेरल्या होत्या. एक लष्कराच्या लिलावातून निघालेली ॲम्बुलन्स. दुसरी एका कापड व्यापाऱ्याची, बाजाराच्या गावांना कपड्याच्या गाठी नेणारी. ती चारी बाजूंनी बंद होती. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेला, खिडकी एकही नाही. बाबांचं मन ॲम्बुलन्सवर बसलं होतं. तिच्या स्प्रिंगा मऊ, आत निजायची सोय तयार, मागची दारं रुंद. मिस्त्रीचं अर्धं काम वाचणार होतं.

मायने एकच म्हटलं, की घ्यायच्या आधी ती पाहणार. गोंदियाला छोट्या रुळांची आगगाडी जाई; तिच्या डब्यात लोकांनी जागा दिली तर ती बाकावर निजू शकायची, आणि गोंदियापर्यंत तेवढा वेळ तिने निभावला. स्टेशनाबाहेर बाबांनी सायकलरिक्षावाल्याला एवढं हळू चालवायला लावलं, की तो उतरून ढकलतच चालला.

ॲम्बुलन्स खरंच चांगली होती. बाबांनी दारं उघडून दाखवली, आतली खाट ओढून दाखवली. माय काठीवर भार देऊन उभी होती. तिने पाहून घेतलं आणि म्हणाली, "चांगली आहे. पण मले नाही पाहिजे."

बाबांनी विचारलं, काहून.

"मी या गाडीतून माहेरले गेली, तर लोक रडतच भाईर येतीन. मी काही बिमार नाही. माही कंबर मोडली, तेवढंच."

बाबा म्हणाले, रंग बदलू, कोणाला कळणार नाही. ती म्हणाली, मला तर कळेल. मग ती दुसऱ्या गाडीकडे गेली. आत अंधार होता आणि नव्या कापडाच्या खळीचा वास. तिने पत्र्यावर हाताने थापटून पाहिलं. ही घ्या, म्हणाली. बाबांनी तीच ठरवली. त्यांना मोटरींतलं सगळं कळत होतं आणि निवड चुकली असं वाटत होतं. बालाघाट आल्यावर एवढंच म्हणाले, की स्प्रिंगांचं काहीतरी करावं लागेल.

ते काम त्यांनी स्वतः केलं. मोटरच्या मागच्या चाकांच्या जुन्या ट्यूब आणून त्यांच्या लांब पट्ट्या कापल्या आणि सागवानी चौकटीवर खाटेसारख्या विणल्या. पहिल्यांदा मला त्यावर निजवून ते गाडी मुद्दाम खड्ड्यांतून फिरवून आले. मी उसळत होते, पण धक्का बसत नव्हता. त्यांनी पट्ट्या ढिल्या केल्या, पुन्हा आवळल्या, पुन्हा मला निजवलं. शेवटी ते स्वतः आडवे झाले आणि त्यांच्या मोटरीवरच्या क्लिनरने गाडी चालवली. उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

बाकीचं काम मोटरींच्या बॉडी बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे दिलं. तो हिंदी बोलणारा, कमी शब्दांचा माणूस. बाबांनी त्याला बरंच काही सांगितलं होतं. खाटेखाली आणि उजव्या बाजूला सामानाच्या पेट्या, पाण्याच्या डब्याला तोटी, वातीचा स्टोव्ह ठेवायला मागच्या दाराशी फळी, म्हणजे बाहेर उभं राहून रांधता येईल, आणि बाजूला ताडपत्रीचा मांडव ताणायला कड्या. खिडक्या मोटरीला असतात तशा. मिस्त्रीने खडूने खुणा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो पत्रा कापणार होता.

मायने पुन्हा म्हटलं, मी पाहणार. आम्ही तिला धरून गाडीत चढवलं आणि खाटेवर निजवलं. ती डाव्या कुशीवर वळली. समोर पत्रा होता, आणि खडूची खूण तिच्या डोक्याच्या बरीच वर.

"इथून मले काय दिसन?" तिने विचारलं.

बाबा वाकून पाहू लागले. आभाळ, ते म्हणाले. झाडांचे शेंडे.

"आभाळ मले आंगणातूनबी दिसते." मग ती मला म्हणाली, "कोळसा आण."

मी मिस्त्रीच्या भट्टीजवळून कोळशाचा तुकडा आणला. तिने निजल्या निजल्या हात लांब करून पत्र्यावर एक रेघ ओढली, खाटेच्या काठापासून जेमतेम वीतभर वर. मग जरा वर दुसरी. या दोन रेघांच्या मधे खिडकी पाहिजे, म्हणाली, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लांब.

मिस्त्रीला ते पटलं नाही. "इतनी नीचे खिड़की तो तबेले में होती है, बाई," तो म्हणाला. खाली चाकावरची कमान येते, सांगाडा कमजोर होईल, आणि दिसायला वाईट. बाबाही त्याच्या बाजूचे होते. माय वाद घालत बसली नाही. तिने उजव्या बाजूच्या पेट्यांकडे बोट दाखवून आणखी एक गोष्ट सांगितली. त्यातली एक पेटी काढा, माझ्याजवळ कोणाला तरी बसायला जागा हवी. मग मला घरी न्या, म्हणाली, कारण हात ताणून तिची कंबर दुखायला लागली होती.

बाबा त्या दिवशी घरी आले ते उशिरा. मिस्त्रीशी बसून त्यांनी सांगाड्याला आडवी लोखंडी पट्टी टाकायचं ठरवलं होतं. खिडकी मायच्या रेघांच्या मधे झाली. वर उचलून कडीला अडकवायची लाकडी झडप आणि आतून पडदा. एक पेटी कमी झाली, तिथे फळी आली.

पहिला प्रवास किरनापूरचा. आम्ही थंडीत, धान कापून झाल्यावर निघालो. मी त्या फळीवर बसले होते. सगळा वेळ मायचं तोंड खिडकीकडे होतं. रस्त्याच्या कडेने डोक्यावर भारे घेऊन बाया चालल्या होत्या, बांधावर बगळे, खळ्यावर धानाचे ढीग. तिला प्रत्येक गोष्टीचं बोलायचं होतं. इथे चिंच होती ती तोडली का, हे घर कोणी बांधलं, यंदा इकडे पाणी बरं झालेलं दिसते. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. बाबांनी एकदा गाडी थांबवून मागे येऊन विचारलं, कसं आहे. ती म्हणाली, थांबू नका, चालवा.

आणि माहेरी पोचल्यावर एक गोष्ट कळली, जी आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. गाडी जमिनीपासून उंच असल्यामुळे आतून खाली वाटणारी ती खिडकी बाहेर उभ्या असलेल्या बाईच्या छातीला लागत होती. गाडी मामाच्या दारात उभी राहिली, झडप वर गेली, आणि पहिली बाई आली ती मायची बालपणीची मैत्रीण. तिने जयभीम घातला, दोन्ही कोपरं खिडकीच्या काठावर टेकली आणि तिचं तोंड मायच्या तोंडासमोर आलं. दोघींना मान वर किंवा खाली करावी लागली नाही. ती तशीच उभी राहून बोलू लागली. तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. घरी खाटेवर मायला भेटायला येणारा माणूस वरून वाकून बोलायचा, कसं काय बरं आहे का, आणि निघून जायचा. इथे कोणी बरं आहे का विचारलंच नाही. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या म्हशीचं, कोणी कोणाशी भांडल्याचं, जुनं नवं सगळं निघालं. मी चहा करून कंटाळले. बाबा मामाच्या ओसरीवर बसून लांबून पाहत होते. मामा काहीतरी विचारत होता आणि बाबा हौ, हौ म्हणत होते, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं.

त्यानंतर आम्ही सुट्टी मिळेल तसे निघू लागलो. लांजीकडच्या मावशीकडे, दसऱ्याला नागपूरला, एकदा नुसतंच उकव्याला, कारण बाबा रोज जातात तो घाट मायने पाहिला नव्हता. वॉर्डातले लोक गाडीला मायची गाडी म्हणू लागले.

एका पावसाळ्यात मावशीकडून परतताना नाल्याला पूर आला. पाणी फरशी पुलावरून वाहत होतं आणि पलीकडचा रस्ता दिसत नव्हता. बाबांनी गाडी उंच जागा पाहून कडेला लावली. दुपार होती. थांबल्यावर पाऊस वाढला. स्टोव्ह मागच्या दारात ठेवायची सोय केली होती, पण दार उघडलं की पाण्याचा सपकारा थेट आत. मी दोनदा वात पेटवली, दोनदा विझली. बाबा छत्री धरून उभे होते आणि छत्रीही उलटत होती. मी म्हटलं, मुरमुरे आहेत, ते खाऊ.

माय म्हणाली, "स्टोव्ह इकडे आण. पेटीवर ठेव, माह्यासमोर."

"काहून?"

"भात मी टाकतो," ती म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, भाजेल. ती म्हणाली, चुलीजवळ जन्म गेला, तेव्हा नाही भाजलं. बाबांनी पेटी सरकवली, ती हलू नये म्हणून खाली पाय रोवून बसले. मी स्टोव्ह ठेवून दिला. तिने कुशीवर वळून एक कोपर उशीवर टेकलं, दुसऱ्या हाताने वात कमी केली, तांदूळ धुऊन घेतले; ते पाणी मी खिडकीतून बाहेर टाकलं. भात झाल्यावर कांदा चिरून मागितला, आणि कढईत बेसनाचं चून घातलं. मध्येमध्ये हात थांबायचा, डोळे मिटायचे, मग पुन्हा ढवळायचा. पावसाचा आवाज एवढा होता की बोलावं लागत नव्हतं. गाडीत फोडणीचा वास भरला. इतक्या वर्षांत मी रोज रांधत होते आणि माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणत. तरी तो वास आला तेव्हा मला कळलं, की मला तो आठवत होता.

तिने बाबांना वाढलं. बाबा जेवले. दुसऱ्यांदा चून मागितलं. मग रिकामं ताट घेऊन ते उठले. माय म्हणाली, ताट द्या, मी विसळतो. तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. थोडं काम माह्यासाठीबी ठेव."

ती हसली. पूर दुसऱ्या दिवशी ओसरला.

घरी आल्यावर तिने खाटेशेजारी तशीच एक पेटी मांडून घेतली आणि संध्याकाळचं जेवण ती करू लागली. मला मोकळा वेळ मिळाला, तो मी शिवणाच्या वर्गात घातला. तिथल्या एका बाईंनीच पुढे माझ्यासाठी लालबर्ऱ्याचं स्थळ सुचवलं.

माझ्या सासूबाई कडक होत्या. आई खाटेवर पडलेली, म्हणजे मुलीला घरचं वळण कसं असेल, असं त्या लग्नाआधी कोणाकोणाजवळ बोलल्या होत्या, ते माझ्या कानावर आलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माय-बाबा आले. बाबांनी गाडी घरासमोरच्या कडुनिंबाखाली लावली, ताडपत्री ताणली आणि सांगितलं, की ते दोघं गाडीतच राहतील, कोणाला त्रास नको. सासूबाईंना तो अपमान वाटला. पहिल्या दिवशी त्या बाहेर फिरकल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन गेल्या, रीत म्हणून, आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. मी दारातून पाहत होते. त्यांचा कप रिकामा झाला तरी त्या हलल्या नाहीत. मग त्या आत चढून फळीवर बसलेल्या दिसल्या. पुढे रोज दुपारी त्या तिकडेच असायच्या. काय बोलायच्या, ते मला दोघींपैकी कोणीही सांगितलं नाही. मी गेले की विषय बदलायचा.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी मायला विचारलं, पुन्हा कधी येणार.

"आता तुमी या," माय म्हणाली. "मी आली, आता तुमची पाळी."

त्या वर्षी धान घरात आल्यावर सासूबाई मोटरीने बालाघाटला गेल्या. दोन-चार दिवसांचं सांगून गेल्या होत्या. शेवटी त्यांना परत आणायला मलाच जावं लागलं.